अपंगत्वाची सरकारी मदत : अर्ज करताना आणि अर्ज नाकारल्यावर
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



मळणी यंत्र, कडब्याची कुट्टी करण्याचे यंत्र, विहिरीवरची मोटार आणि ट्रॅक्टर, ही चार यंत्रे आता आपल्या पाचोरा तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांनी कष्ट कमी केले हे खरे. पण कणीस लोटता लोटता हातही आत जातो, धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडतो, आणि भरल्या घराचा कर्ता माणूस एका घटकेत खाटेवर येतो. मग दवाखाना होतो, कर्ज होते, भेटायला येणारे पाव्हणे-रावळे होतात. सहा महिन्यांनी सगळे आपापल्या कामाला लागतात. तो भाऊ मात्र ओट्यावर बसून म्हणतो, “मना हात गया भाऊ, आते काय करू?”

या प्रश्नाला सरकारदरबारी काय उत्तर आहे, ते कसे मिळवायचे, आणि 'तुमचे बसत नाही' असे सांगून परत पाठवले तर पुढे काय करायचे, हे आज सांगणार आहे. कागदाचा विषय आहे, कंटाळवाणा वाटेल. पण कागदाअभावी हक्काचा पैसा बुडालेली घरे प्रत्येक गावात सापडतील, म्हणून जरा कान देऊन ऐका.

आधी एक शब्द. आपण बोलताना अपंग म्हणतो, सरकारी कागदावर आता दिव्यांग हा शब्द असतो. अर्जावर तोच लिहा. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ साली नवा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि त्यात २१ प्रकार आहेत. हात-पाय, डोळे, कान, मतिमंदत्व हे तर आहेतच. शिवाय मानसिक आजार, कंपवात, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हेही आहेत. सिकलसेलचे नाव मुद्दाम घेतले. सातपुड्याच्या बाजूच्या आपल्या आदिवासी बांधवांत हा आजार बराच आहे, आणि तो या कायद्यात येतो हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता मूळ गोष्ट, म्हणजे दाखला. सगळी दारे या एका किल्लीने उघडतात. जुना हाताने लिहिलेला, कोपऱ्यावर फोटो डकवलेला दाखला पेटीत असेल तर त्यावर विसंबू नका. आता सगळ्या देशात एकच ओळखपत्र चालते, त्याला यू.डी.आय.डी. कार्ड म्हणतात. 'स्वावलंबन' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर त्याचा अर्ज भरतात. आपल्याला संगणक येत नसला तरी अडत नाही, सेवा केंद्रावर भरून देतात. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा, आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात तपासणीचे रुग्णालय निवडायचे असते. आपल्या जिल्ह्यात मोठे ठिकाण म्हणजे जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. अर्जाची पावती घ्या आणि तपासणीचा वार आधी विचारूनच गाडीत बसा. हाडाचे डॉक्टर एका वारी, कानाचे दुसऱ्या वारी, असे असू शकते. अपंग माणसाला घेऊन जाणे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते, आणि उगाच हेलपाटा झाला की पुन्हा जाण्याची उमेदच राहत नाही.

तपासणीत डॉक्टर टक्केवारी काढतात. ४० टक्के हा मुख्य उंबरठा आहे. त्याच्या खाली असेल तर कार्ड पांढरे मिळते, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे, आणि ८० व त्यावर निळे. बहुतेक योजना पिवळ्या कार्डापासून सुरू होतात.

टक्केवारी डॉक्टरांच्या मनावर नसते. केंद्र सरकारने ठरवून दिलेली कोष्टके आहेत, त्यांवरून ती निघते. म्हणूनच कधी कधी आपल्याला ती अन्यायाची वाटते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर कोष्टकात ३० टक्केच बसतात. नुसता अंगठा गेला तरी ४० पर्यंत पोचत नाही. अंगठ्याशिवाय विळा धरता येत नाही आणि नांगराची मूठही धरता येत नाही, हे आपल्याला कळते. कोष्टक कापलेला अवयव मोजते, बुडालेला धंदा मोजत नाही. मला हे पटत नाही, पण आज नियम असा आहे. मनगटापासून हात गेला तर मात्र टक्केवारी ४० च्या बरीच वर जाते.

तपासणीच्या वेळी आपली माणसे एक चूक हटकून करतात. डॉक्टर विचारतात, “आता कसं आहे?” आणि आपला माणूस सवयीने म्हणतो, “बरं आहे साहेब, चालतंय.” चार माणसांत रडगाणे गाऊ नये ही आपली रीत आहे, घरी ती शोभते. डॉक्टरांसमोर मात्र जे खरे आहे ते सगळे सांगा. सदऱ्याचे बटण लावता येते का? पाण्याची कळशी उचलता येते का? उकिडवे बसता येते का? रात्री कळ येते का? किती पावले चालल्यावर थांबावे लागते? वाढवून काही सांगू नका, पण लपवूही नका. अपघाताच्या पहिल्या दिवसाचा केसपेपर, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे सोबत न्या. मानसिक आजाराचा किंवा मतिमंद मुलाचा दाखला काढायचा असेल, तर घरातली जी बाई त्याचे रोजचे करते तिलाच बरोबर न्या. बाप पुढे होऊन बोलतो, पण माहिती आईजवळ असते.

'टक्के वाढवून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. खोट्या मार्गाने दिव्यांगाचा लाभ घेतला तर या कायद्याच्या ९१ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. त्यात दलाल निसटतो आणि ज्याच्या नावाचा दाखला तो सापडतो.

दाखला हाती आला की पहिले दार तहसील कचेरीचे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून महाराष्ट्रात चालू आहे. वय १८ ते ६५, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत, अशा अटी आहेत. इतर निराधारांना उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांना ती ५० हजार आहे. हे लक्षात ठेवा, कारण २१ हजारांचा आकडा सांगून अपंग माणसाला दारातूनच परत पाठवल्याचे ऐकायला मिळते. रक्कम महिना १५०० होती, ती दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० करण्याचा निर्णय झाला. अर्जासोबत दिव्यांग दाखला, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, वास्तव्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक जोडायचे. बँक खाते आधारशी जोडलेले हवे, कारण आता पैसा थेट खात्यात येतो. दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब असून अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल, तर केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिची चौकशीही याच टेबलावर करा.

उत्पन्नाच्या दाखल्यावर बरेच अर्ज अडतात. भावाभावांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतात, पण रेशनकार्ड बापाच्या वेळचे एकच असते. मग सगळ्यांचे उत्पन्न एकत्र धरले जाते आणि मर्यादा ओलांडते. चूल खरोखर वेगळी असेल तर रेशनकार्ड आधी वेगळे करून घ्या, मगच उत्पन्नाचा दाखला मागा.

दुसरे दार तालुका कृषी अधिकाऱ्यांचे, आणि हे खास शेतकऱ्यांचे आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असे तिचे लांबलचक नाव आहे. पूर्वी ही विमा कंपनीमार्फत चालत असे. कंपन्या खुसपटे काढून दावे फेटाळत अशा तक्रारी वाढल्या, म्हणून २०२३ पासून सरकार स्वतःच अनुदान देते. सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण, दोघांनाही ती लागू आहे. वय १० ते ७५. शेतकऱ्याने कसलाही हप्ता भरायचा नाही. अपघातात मृत्यू आला तर दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले, अथवा एक डोळा आणि एक अवयव गेला, तरी दोन लाख. एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय निकामी झाला तर एक लाख. म्हणजे बघा, ज्या एका डोळ्याला तहसीलच्या पगारासाठी ३० टक्के म्हणून नाही म्हणतात, त्याच डोळ्याला इथे एक लाख रुपये आहेत. एका दारातून परत आलात म्हणून दुसरे दार ठोठवायचे राहू देऊ नका.

यंत्राचा अपघात, विजेचा धक्का, वीज पडणे, सर्पदंश, उंचावरून पडणे, फवारणी करताना विषबाधा, रस्त्यावरचा किंवा रेल्वेचा अपघात हे सगळे यात येते. आत्महत्येचा प्रयत्न, दारूच्या अमलाखाली झालेला अपघात, आधीपासूनचे अपंगत्व हे येत नाही. अर्ज अपघातापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. इथेच घात होतो. पहिला महिना जखमेतच जातो, आणि योजनेची आठवण कोणी करून देईपर्यंत पोळा उलटलेला असतो. म्हणून हे काम जखमी माणसाचे नाही, भावाचे, मुलाचे, जावयाचे आहे. दिव्यांग दाखला महिन्याच्या आत मिळणे कठीण असते, त्यासाठी अर्ज अडवून धरू नका. सातबारा, वयाचा पुरावा, दवाखान्याचे कागद आणि पोलिसांचा किंवा पंचनाम्याचा कागद जोडून अर्ज द्या, दाखला काढणे चालू आहे असे त्यात लिहा आणि पोच घ्या.

पहिल्या केसपेपरवर अपघाताचे कारण लिहून घ्यायला मात्र विसरू नका. 'उजव्या हाताला जखम' एवढेच लिहिलेले असले तर सहा महिन्यांनी कोणीही विचारेल की ही शेतात झाली कशावरून. 'मळणी यंत्रात हात अडकून' हे चार शब्द डॉक्टरांकडून त्याच दिवशी लिहून घ्या. पोलीस पाटलांनाही त्याच दिवशी कळवा. ज्याच्या मालकीचे यंत्र, तो भावकीतला असतो आणि पोलिसात जाऊ नका म्हणून गळ घालतो. नाती जपावीत. पण यंत्राच्या मालकावर तक्रार करणे वेगळे आणि अपघाताची नोंद करणे वेगळे, हे त्याला नीट समजावून सांगा.

बँकेचे पासबुकही एकदा उघडून बघा. वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तुमचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. पूर्वी १२ रुपये होते, जून २०२२ पासून २० झाले. त्यात मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख आणि एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास एक लाख मिळतो. घरातल्यांना माहीतच नसते आणि पैसे कापले जात असतात. त्याचा दावा ज्या शाखेत खाते तिथेच करायचा, तोही महिन्याच्या आत.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, नावाची नोंद करा आणि ग्रामसभेत उभे राहून विचारा की यंदा ते पैसे कुठे गेले. आणि ४० टक्क्यांच्या वर असाल तर एस.टी.च्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे.

आता नकाराचे बघू. नकार तीन प्रकारचा असतो, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार तोंडी नकार. खिडकीवरचा माणूस म्हणतो, “काका, तुमचं बसत नाही, पुढच्या महिन्यात या.” हा नकार नव्हेच. कागद घेतलाच नाही तर नाकारला कुठून? अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेतच नाहीत म्हणाले तर टपाल कचेरीतून रजिस्टर पोचपावतीने पाठवा. पोच म्हणजे आपला सातबाराच समजा. ती नसेल तर पुढची सगळी लढाई हवेत.

दुसरा प्रकार म्हणजे नुसते मौन. अर्ज दिला, चार महिने झाले, हो नाही आणि नाही नाही. इथे माहितीचा अधिकार वापरा. २००५ चा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही, पुराव्याची प्रत जोडली की झाले. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. भांडण लिहू नका, आरोप लिहू नका, असे लिहा : “माझ्या अमुक तारखेच्या, अमुक पोच क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेली कार्यवाही, तो ज्या बैठकीत ठेवला त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत, आणि नामंजूर असल्यास कारण नोंदवलेल्या टिपणीची प्रत मिळावी.” ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील, आणि तिथेही निभाव लागला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे. बहुतेक वेळा इतके लांब जावे लागत नाही. प्रश्न लेखी विचारला गेला की फाईल कपाटातून टेबलावर येते. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जळगावला जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. रखडलेल्या अर्जाची तक्रार तिथेही मांडता येते, पण ती पंधरा दिवस आधी लेखी द्यावी लागते.

तिसरा प्रकार खरा नकार, म्हणजे कारणासह लेखी. तो आला की रागावून कागद चुलीत घालू नका, कारण अपील त्याच कागदावर उभे राहते. कारण नीट वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. बऱ्याचदा कारण एवढेच असते की उत्पन्नाचा दाखला जुना आहे, वास्तव्याचा दाखला जोडलेला नाही, किंवा आधारवर नाव 'भिका' आणि सातबारावर 'भिकन' आहे. अशा वेळी अपिलाची गरज नाही. उणीव भरून काढा आणि अर्ज पुन्हा द्या.

कारणच चुकीचे असेल तर दाद मागायची. मुंडे योजनेत तालुक्याच्या समितीने नाही म्हटले तर जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांकडे. संजय गांधी योजनेत तहसीलदारांच्या वर पाचोऱ्याचे प्रांत, त्यांच्या वर जिल्हाधिकारी, त्यांच्याकडे. मजकूर असा असावा : “मी मौजे अमुक, तालुका पाचोरा येथील रहिवासी. माझा अर्ज अमुक तारखेस दिला, तो अमुक कारणाने नामंजूर झाल्याचे अमुक तारखेच्या पत्राने कळले. हे कारण वस्तुस्थितीला धरून नाही, कारण अमुक. पुरावा म्हणून अमुक कागद सोबत जोडला आहे. तरी फेरविचार होऊन अनुदान मंजूर व्हावे, आणि निर्णयापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे.” एक पान पुरे. घरची सगळी दुःखे त्यात लिहीत बसलात तर मुद्दा बुडतो. ज्या कारणाने नाकारले, त्याच कारणाला उत्तर द्या.

टक्केवारीच कमी लागली, ३५ आली, आणि ती चुकीची आहे असे वाटते, तर तहसीलला जाऊन उपयोग नाही. ते भांडण डॉक्टरांच्या दाखल्याशी आहे. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात दाखल्याविरुद्ध अपिलाचा हक्क दिलेला आहे. आणि दाखला नाकारला तर कारण लेखी कळवावे लागते असा नियम आहे. ज्या रुग्णालयाने दाखला दिला, तिथेच अपिलाचे अधिकारी कोण आणि मुदत किती हे लेखी विचारा, आणि दिवस न घालवता अपील करा. तिथे जाताना नवा काही पुरावा न्या, दुसऱ्या सरकारी तज्ज्ञाचे मत न्या. 'मला कमी दिले' एवढ्याने टक्के वाढत नाहीत. दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपण्याच्या आधीच फेरतपासणीला जा, नाहीतर चालू असलेली मदतही थांबते.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. पाचोऱ्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. हक्कच डावलला जातो आहे असे असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे टपालाने तक्रार पाठवता येते. चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचे वेगळे खातेही झाले आहे.

ज्यांचा पगार सुरू झाला आहे त्यांच्यासाठी थोडेसे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकवू नका. तो देताना उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही तपासून घ्या. एखाद्या महिन्यात पैसे आले नाहीत तर आधी बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आहे की तुटले आहे ते विचारा, मग तहसीलला जा. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, त्यामुळे पैसा जमा असूनही हाती येत नाही. तसे असेल तर शाखेच्या साहेबांना सांगून पासबुक आणि ओळखपत्रावर पैसे मागा. आणि सगळ्या कागदांच्या तीन तीन झेरॉक्स प्रती करून एका पिशवीत, उंदरांपासून दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवा.